खिशातला कॅमेरा की रेंजफाइंडर? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे रिको जीआर ३ आहे. मित्र म्हणतो, 'खरा कॅमेरा लायका एम.' लाखो रुपये जास्त मोजून नेमकं मिळतं काय? – एक वाचक, ठाणे

मित्रानं तो कॅमेरा महिनाभर तरी वापरलाय का, हे आधी विचारा. लायका एम११ २०२२ मध्ये आला, तेव्हा अमेरिकेत नुसत्या बॉडीची किंमत ८,९९५ डॉलर होती. लेन्स वेगळी घ्यायची. हे पैसे फोटोच्या दर्जासाठी कमी आणि बघण्याच्या पद्धतीसाठी जास्त असतात.

लायका एम हा रेंजफाइंडर कॅमेरा. त्यात आपण लेन्समधून बघतच नाही. कोपऱ्यातल्या काचेच्या खिडकीतून थेट समोरचं दृश्य दिसतं. थोड्या अंतरावर दुसरी छोटी खिडकी असते आणि तिच्यातली प्रतिमा मधल्या उजळ चौकोनात पहिलीवर पडते. लेन्सची रिंग फिरवली की ही दुसरी प्रतिमा सरकते. दोन्ही जुळल्या की फोकस झाला. मोटर नाही, ऑटोफोकस नाही. १९५४ च्या एम३ पासून मूळ रचना हीच आहे, आणि त्या काळातल्या बहुतेक लेन्स आजच्या एम बॉडीवर बसतात.

खरी गंमत चौकटीच्या बाहेर आहे. ५० मिमी लेन्स लावली की फोटोत येणारा भाग पांढऱ्या रेषांनी दिसतो आणि त्या रेषांच्या बाहेरचंही दिसत राहतं. कोण चौकटीत शिरणार, सायकल कधी पोचणार, हे आधीच कळतं. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ लायकावर मुख्यतः ५० मिमीच का वापरत, हे अशा खिडकीतून रस्त्याकडे बघितलं की ध्यानात येतं. याच रचनेमुळे लेन्सवर टोपी असली तरी खिडकीतून सगळं छान दिसतं, आणि नवशिके भर लग्नात काळे फोटो काढतात!

तुमचा जीआर बॅटरीसकट २५७ ग्रॅमचा, पँटच्या खिशात मावणारा. एम११ ची काळी बॉडी ५३० ग्रॅम, लेन्स सोडून. दोन्हींवर २८ मिमीचा कोन, ॲपर्चर (लेन्समधल्या छिद्राचं माप) एफ/८ आणि भरपूर ऊन असलं, तर १२ बाय १८ इंची प्रिंटांतून कुठला कशाचा हे मी पैजेवर सांगणार नाही. हातानं फोकस करण्यात तुम्हाला रस नसेल, तर लायका घेऊ नका.

प्रश्न : फुजी एक्स१००व्हीआय दिसायला रेंजफाइंडरसारखाच आहे. त्याला रेंजफाइंडर म्हणायचं का? – एक वाचक, पुणे

नाही. ठेवण तशी आहे, पण प्रतिमा जुळवण्याची ती यांत्रिक जोडणी आत नाही. फोकस मुख्यतः ऑटोफोकसनं होतो. मात्र त्यात काचेचा व्ह्यूफाइंडर, म्हणजे बघायची खिडकी, आहे, त्यात चौकटीच्या रेषा आहेत आणि रेषांबाहेरचंही दिसतं. म्हणजे वर सांगितलेली गंमत बऱ्यापैकी मिळते, तीही २०२४ मधल्या १,५९९ डॉलरच्या मूळ किमतीत. लेन्स मात्र बदलता येत नाही. ज्यांना लायकाची हौस आहे पण खात्री नाही, त्यांना मी आधी हाच सुचवतो.

प्रश्न : मुलगा दीड वर्षाचा आहे, एका जागी थांबत नाही. काय घ्यावं? – एक वाचक, कोल्हापूर

चेहरा आणि डोळे ओळखून फोकस करणारा कॉम्पॅक्ट, म्हणजे खिशातला छोटा कॅमेरा. बहुतेक एम लेन्स रेंजफाइंडरवर ७० सेंटिमीटरच्या आत फोकसच होत नाहीत, आणि तुमचं पोर तर लेन्सला नाक लावणार.

अंगणात उजेड असेल तर एक जुनी युक्ती वापरा. जीआर ३ मध्ये 'स्नॅप फोकस' (ठरावीक अंतरावर आधीच फोकस लावून ठेवायची सोय) अडीच मीटरवर ठेवा आणि ॲपर्चर एफ/८. साधारण सव्वा मीटरपासून अनंतापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं, फोकसची वाटच बघावी लागत नाही. रेंजफाइंडरवाले रस्त्यावर हेच हातानं करतात.

प्रश्न : एक इंच सेन्सरच्या कॉम्पॅक्टवर एफ/१.८ लिहिलंय आणि माझ्या डोळ्यासमोरच्या लायका लेन्सवर एफ/२. म्हणजे कॉम्पॅक्टच सरस ना? – एक वाचक, नागपूर

एक्स्पोजरपुरतं, म्हणजे आत येणाऱ्या प्रकाशापुरतं म्हणाल तर हो, थोडा सरस; एफचा आकडा लहान तेवढा प्रकाश जास्त. पण एक इंची सेन्सर असतो १३.२ बाय ८.८ मिमी, आणि फुल फ्रेम ३६ बाय २४. क्षेत्रफळ सात पटींहून जास्त. मागची धूसरता पाहिली तर तो एफ/१.८ फुल फ्रेमवरच्या जवळपास एफ/५ सारखा वागतो. रात्रीच्या फोटोंतला दाणाही त्याच हिशेबानं वाढतो. रिको, फुजीचे एपीएस-सी नावाच्या आकाराचे सेन्सर या दोन्हींच्या मधल्या पायरीवर आहेत.

प्रश्न : इथे जुना लायका एम८ किंवा एम९ परवडेल अशा किमतीत दिसतोय. घेऊ का? – एक वाचक, सनीव्हेल, कॅलिफोर्निया

एम८ (२००६) अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशाला फार संवेदनशील आहे. पिवळ्या दिव्यात काळा सिंथेटिक कोट जांभळट येतो, म्हणून प्रत्येक लेन्सवर अवरक्त अडवणारा फिल्टर लावावा लागतो. शिवाय सेन्सर फुल फ्रेमपेक्षा लहान, त्यामुळे २८ मिमी लेन्स सुमारे ३७ मिमीसारखी वागते. फक्त कृष्णधवल काढणार असाल तर विचार करा.

एम९ (२००९) फुल फ्रेम आहे आणि त्याच्या रंगांचे भक्त अजून आहेत. दुखणं सेन्सरवरच्या काचेचं: ओलाव्यानं ती झिजते आणि फोटोत कडेला फिकट वलय असलेले ठिपके येतात. एफ/१६ वर निरभ्र आकाशाचा फोटो काढून पूर्ण मोठा करून बघा. धूळ पुसता येते, हे ठिपके नाही. सेन्सर बदलल्याची पावती विक्रेत्याकडे नसेल तर उठून या. दूरच्या मनोऱ्यावर लेन्स अनंतावर ठेवून दोन्ही प्रतिमा आडव्या-उभ्या जुळतात का, तेही बघा.

प्रश्न : कोकणच्या पावसाळ्यात कोणता टिकेल? – एक वाचक, रत्नागिरी

उघड्यावर भिजायला लायका एम आणि जीआरसारखे कॉम्पॅक्ट, दोन्ही नालायक. एक्स१००व्हीआय सुद्धा ॲडॅप्टर रिंग आणि फिल्टर लावल्यावरच पाण्याच्या शिंतोड्यांना तोंड देतो. मागेपुढे सरकणाऱ्या लेन्सचे कॉम्पॅक्ट धूळ आत ओढतात आणि सेन्सरपर्यंत पोचायला कॅमेरा उघडावा लागतो; एमची लेन्स काढून फुंकणीनं धूळ उडवता येते. बुरशी मात्र दोघांनाही लागते. चामड्याच्या पिशवीत कॅमेरा ठेवून कपाट बंद करू नका. घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर एवढं पुरे. जेलचा रंग बदलला की तापवून पुन्हा वापरा.