वॉर्डात एआय आलाय, मी मागे पडतेय का? एका स्टाफ नर्सच्या पत्राला उत्तर

तुझं पत्र मिळालं. बी.एस्सी. नर्सिंग करून साताऱ्याहून पुण्याला आलीस, मोठ्या हॉस्पिटलात स्टाफ नर्स म्हणून लागलीस, आधी त्याबद्दल मनापासून अभिनंदन! तू लिहितेस की हॉस्पिटलने वॉर्डातल्या कॉम्प्युटरवर स्वतःचा एआय असिस्टंट दिलाय, हँडओव्हर नोट (ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला द्यायची नोंद) आणि डिस्चार्जच्या सूचनांचा कच्चा मसुदा करून द्यायला, पण तो स्लो आहे, सारखं लॉगिन मागतो, म्हणून बरोबरच्या मुली केस पेपरचा फोटो काढून स्वतःच्या फोनवरच्या फुकटच्या चॅटबॉटला देतात आणि पटकन मोकळ्या होतात. तू तसं करत नाहीस म्हणून उशीर होतो, आणि इन्चार्ज सिस्टर म्हणतात तू हळू आहेस. वर बाबा विचारतायत, सगळं मशीनच करणार तर चार वर्षं फी भरली कशाला.

तुझं बरोबर आहे, आणि हे मी नुसता धीर द्यायला म्हणत नाहीये. त्या एका फोटोत काय काय जातं बघ, पेशंटचं नाव, वय, मोबाईल नंबर, हॉस्पिटलचा आयडी, कधी १४ अंकी आभा नंबर (सरकारी आरोग्य ओळख क्रमांक), आणि निदान. एकदा ते फोनवरून बाहेर गेलं की कुठे साठवलं गेलं, कोणी बघितलं, हे ना तुला सांगता येणार ना हॉस्पिटलला. काहीजणी म्हणतील आम्ही नाव खोडून देतो. पण अमुक गावची, पंचविशीतली, सर्पदंश, अमुक तारखेला अ‍ॅडमिट, एवढ्यावर त्या गावातलं कुणीही ओळखेल की कोण ते. आणि एचआयव्हीचा, गर्भपाताचा किंवा मानसिक आजाराचा पेशंट असेल तर गुप्ततेचे वेगळे कायदे आहेतच, त्यात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आलाय ज्यात डेटा नीट न सांभाळणाऱ्या संस्थेला २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. दंड संस्थेला होईल, पण चौकशीत पहिला प्रश्न फोटो कोणी काढला हाच असणार.

आता हॉस्पिटलचा जो मंजूर असिस्टंट आहे त्याबद्दल, कारण तुझा खरा गोंधळ मला इथे वाटतो. मंजूर म्हणजे तो चुकत नाही असं नाही. मंजूर म्हणजे या कामासाठी, या कॉम्प्युटरवर, तुझ्या स्वतःच्या लॉगिनने वापरायला परवानगी आहे, बस. हँडओव्हरच्या मसुद्याला परवानगी आहे म्हणून त्याला लहान बाळाचा डोस विचारायचा नाही. आणि सिस्टरांच्या लॉगिनवर अख्खा वॉर्ड काम करतो असं जे लिहिलंयस ते तू तरी करू नकोस, कारण कुणी काय एंटर केलं याची नोंद आयडीवर राहते.

एक उदाहरण सांगते. तू बोलून नोंद देतेस, "पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी नाही असं मुलगा म्हणतो, पण जुन्या केस पेपरवर रिअ‍ॅक्शन लिहिलीय, डॉक्टरांना विचारायचंय." मसुद्यात येतं, "पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी नाही." भाषा स्वच्छ, वाक्य छोटं, वाचायला छान, आणि नाईटच्या सिस्टरला जे कळायलाच हवं होतं नेमकं तेच गळलं. अशी चूक डोळ्यांवर येत नाही, कारण बाकी सगळं बरोबर असतं. म्हणून मसुदा नुसता वाचू नको, केस पेपर शेजारी ठेवून ताडून बघ, विशेषतः अ‍ॅलर्जी, औषधाचा डोस आणि वेळ, कुठली बाजू (डावी की उजवी), आणि जिथे जिथे तू "नाही" किंवा "अजून" म्हणाली होतीस त्या जागा. न मोजलेलं बीपी "नॉर्मल" म्हणून आलं असेल तर खोडच. इन्सुलिन, हेपारिन, पोटॅशियम यांना तर दुसऱ्या सिस्टरकडून डबल चेक हवाच, मसुदा कितीही चांगला असो. बोललेलं लिहून देणाऱ्या एका प्रसिद्ध सॉफ्टवेअरवर २०२४ मध्ये अभ्यास झाला, त्यात साधारण १ टक्का रेकॉर्डिंगमध्ये कुणीच न बोललेली वाक्यं सापडली, आणि जे लोक थांबत थांबत बोलतात, जसं मेंदूच्या आजारामुळे बोलणं अडखळणारे, त्यांच्या बाबतीत हे जास्त झालं. म्हणजे ज्यांच्यासाठी सर्वात जास्त सांभाळायचं तिथेच ते जास्त घसरतं. डिस्चार्जच्या मराठी सूचनाही पेशंटच्या हातात देण्याआधी त्यांना वाचून दाखव आणि "आजी, आता तुम्ही सांगा बरं, गोळी कधी घ्यायची?" असं विचार, चूक असेल तर तिथेच कळते.

म्हणून बाबांना सांग, चार वर्षं याच्यासाठीच लागली. मसुदा कोणीही करेल, पण त्यात काय गळलंय हे ज्याने पेशंट बघितलाय त्यालाच दिसतं, आणि नोटखाली सही तुझीच असते. हाताने नोट लिहायची सवयही सोडू नकोस, नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला तेव्हा कित्येक दिवस सगळं काम कागदावर चाललं होतं.

इन्चार्ज सिस्टरांशी भांडू नकोस. शांतपणे म्हण, "सिस्टर, फोनवरचं मला नको, पण हॉस्पिटलचं स्लो आहे हे आयटीला कळवूया का, मी लिहून देते." तक्रार कुणा माणसाबद्दल नाही, यंत्राबद्दल आहे, त्यामुळे कुणाला वाईट वाटायचं कारण नाही. मसुद्यात सापडलेल्या चुकाही पेशंटची ओळख न लिहिता नोंदवून ठेव, आणि हॉस्पिटलच्या रिपोर्टिंगच्या पद्धतीने कळव. क्वालिटी विभागात किंवा नर्सिंग इन्फॉर्मॅटिक्सकडे (नर्सिंगमधलं कॉम्प्युटर आणि माहितीचं काम) जायचं असेल तर अशी कामं दाखवता येतात, पुढे परदेशी जायचं ठरलं तरी पेशंटच्या माहितीची शिस्त तिथे पहिल्या दिवसापासून लागते.

आणि तो ऑनलाईन "एआय इन नर्सिंग"चा महागडा कोर्स, ज्याबद्दल शेवटी विचारलंस, तो आत्ता घेऊ नकोस. आधी नर्सिंग ऑफिसमध्ये जाऊन एआय वापराचं लेखी धोरण माग, आणि ट्रेनिंग कधी आहे ते विचार. धोरणच नाही म्हणाले तर मला परत लिही, मेट्रन मॅडमना द्यायचा अर्ज आपण मिळून करू.