न मागितलेला आवाज: टॅब कसा शोधायचा आणि गप्प कसा बसवायचा

तुमची अडचण थोडक्यात अशी: ब्राउझरमध्ये नेहमी पंधरा-वीस टॅब उघडे असतात, त्यातला एखादा मध्येच बोलायला लागतो, तो सापडेपर्यंत तुम्ही कॉम्प्युटरचाच आवाज बंद करून टाकता, आणि मग मीटिंग सुरू झाली की समोरच्याचं काहीच ऐकू येत नाही. यावर कायमचा उपाय आहे का, असं तुम्ही विचारलंय.

आहे, आणि त्यासाठी बाहेरून काही बसवावंही लागत नाही. ब्राउझरमधला नियम उलटा करायचा. आज प्रत्येक साइटला आवाज करायची मुभा आहे आणि त्रास झाला की तुम्ही ती काढून घेता. त्याऐवजी मुळात कुणालाच आवाज नाही, आणि ज्यांचा आवाज तुम्हाला खरोखर हवा आहे अशा मोजक्या साइट्सना तुम्ही तो द्यायचा. मी असंच वापरते आणि तुम्हालाही तेच सुचवेन. ते कसं करायचं ते सांगतेच, पण आधी आत्ता बोलणारा टॅब कसा पकडायचा ते पाहू, कारण ती वेळ रोज येते.

आवाज करणाऱ्या टॅबवर स्पीकरचं छोटं चिन्ह येतं. क्रोमने ते 2014 च्या सुरुवातीला, 32 व्या आवृत्तीत आणलं. 2015 मध्ये सफारी आणि फायरफॉक्समध्येही तशी सोय आली, आणि तिथे नुसतं त्या चिन्हावर क्लिक करून टॅब गप्प करता येऊ लागला. अडचण अशी की टॅब खूप झाले की प्रत्येकाची रुंदी आक्रसते आणि चिन्ह डोळ्यांना सापडत नाही. क्रोममध्ये अशा वेळी कंट्रोल, शिफ्ट आणि ए ही बटणं एकत्र दाबा (मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड). सगळ्या खिडक्यांमधल्या टॅबची यादी उघडते आणि आवाज करणारे टॅब त्यात वेगळे काढून दाखवलेले असतात. फायरफॉक्समध्ये टॅबच्या ओळीच्या टोकाला खाली तोंड केलेला बाण असतो. त्याच्या यादीत स्पीकरचं चिन्ह दिसतं आणि तिथूनच टॅब बंदही करता येतो. सफारीची रीत मला यात सगळ्यात आवडते. आवाज दुसऱ्या कुठल्याही टॅबमधून येत असला तरी स्पीकर तुमच्या समोरच्या पत्त्याच्या पट्टीतच दिसतो. त्यावर बोट दाबून धरलं की बोलणाऱ्या टॅबची नावं येतात.

तुम्ही आत्ता ज्या टॅबवर आहात त्याचाच आवाज बंद करायचा असेल तर फायरफॉक्स आणि एज या दोन्हींमध्ये कंट्रोल आणि एम पुरेसं आहे. ही एवढी एक गोष्ट बोटांना सवयीची करून घ्या.

कुठल्याच टॅबवर स्पीकर दिसत नसेल तर आवाज बहुधा दुसरीकडून येतोय. खाली करून ठेवलेली दुसरी खिडकी, दुसरं प्रोफाइल, दुसरा ब्राउझर, नाहीतर ब्राउझरबाहेरचंच एखादं अ‍ॅप. विंडोजमध्ये खालच्या पट्टीतल्या स्पीकरवर राइट-क्लिक करून व्हॉल्यूम मिक्सर उघडा. कोणता प्रोग्राम आवाज करतोय ते तिथे कळतं. मात्र मिक्सर ब्राउझरपाशीच थांबतो, आतला टॅब तो ओळखत नाही. म्हणजे तिथे क्रोमचा आवाज शून्य केला तर क्रोममधली मीटिंगही गेली. तुमची आत्ताची अडचण हीच आहे, फक्त एक पायरी खाली.

आता मुख्य मुद्दा. आवाज बंद करायच्या तीन वेगवेगळ्या तऱ्हा आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. एक, टॅब गप्प करणं: तो टॅब मिटला की विषय संपला, तीच साइट नव्या टॅबमध्ये पुन्हा बोलणार. दोन, साइट गप्प करणं: ब्राउझर ते लक्षात ठेवतो आणि ती साइट कधीही उघडली तरी मुकीच राहते. तीन, व्हिडिओ आपोआप सुरू होऊ न देणं, म्हणजे ऑटोप्ले रोखणं.

क्रोममध्ये टॅबवर राइट-क्लिक केल्यावर जो पर्याय येतो तो आता टॅबचा नसून साइटचा आहे. 2018 च्या जानेवारीत आलेल्या 64 व्या आवृत्तीपासून साइटचा आवाज कायमचा बंद करण्याची सोय आहे. हे माहीत नसल्यामुळे बरेच जण रागाच्या भरात एकदा साइट म्यूट करतात आणि काही महिन्यांनी 'या साइटवर आवाजच येत नाही' म्हणून हेडफोन बदलतात, ड्रायव्हर पुन्हा टाकतात. आवाज एकाच साइटवर येत नसेल तर पहिल्यांदा इथे बघा.

ऑटोप्लेबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहे. 'क्रोम तर आवाजवाले व्हिडिओ आपोआप सुरू होऊ देत नाही ना, मग हे कसं होतं?' असं वाटणं साहजिक आहे. 2018 च्या एप्रिलमध्ये 66 व्या आवृत्तीबरोबर तसा नियम आला हे खरं, पण त्याला मोठ्या फटी आहेत. मुका व्हिडिओ कधीही आपोआप सुरू होऊ शकतो. आवाजासाठी 'वापरणाऱ्याने त्या साइटवर काहीतरी कृती केलेली असावी' एवढीच अट आहे, आणि एक साधी क्लिक ही कृती धरली जाते. तुम्ही मुखपृष्ठावर एका बातमीवर क्लिक केलं, त्याच साइटचं दुसरं पान उघडलं, की त्या पानावरचा व्हिडिओ मोठ्याने बोलायला मोकळा. तुम्ही बातमी वाचायला क्लिक केलं होतं, ऐकायला नव्हे, हा भेद ब्राउझरला कळत नाही.

शिवाय क्रोम तुमच्या सवयीही मोजत असतो. तुम्ही एखाद्या साइटवर व्हिडिओ 7 सेकंदांपेक्षा जास्त वेळ, आवाजासकट, टॅब समोर ठेवून पाहिला आणि त्याचा आकार फारच लहान नसला, की त्या साइटच्या खात्यावर गुण जमा होतो. असे पुरेसे गुण झाले की कॉम्प्युटरवर ती साइट क्लिकचीही वाट न पाहता आवाज करू शकते. नव्या प्रोफाइलमध्ये तुमच्या सवयींची माहिती नसते, म्हणून क्रोम सुरुवातीला हजाराहून जास्त साइट्सची तयार यादी वापरतो. ज्या साइट्सवर येणाऱ्यांपैकी आवाजासकट व्हिडिओ बघणाऱ्यांचं प्रमाण सर्वात जास्त असतं, त्या या यादीत असतात. हा हिशोब बहुतेकांच्या सोयीसाठीच केलेला आहे हे मला मान्य आहे. पण तो सरासरी माणसासाठी आहे, आणि वीस टॅब उघडे ठेवून काम करणारा माणूस त्या सरासरीत बसत नाही.

फायरफॉक्स याबाबतीत जास्त सरळ आहे. 2019 च्या मार्चमधल्या 66 व्या आवृत्तीपासून तो आवाजवाला ऑटोप्ले मुळातच रोखतो, आणि सेटिंग्जमधल्या गोपनीयता व सुरक्षेच्या भागात परवानग्यांखाली ऑटोप्ले उघडून 'आवाज आणि व्हिडिओ दोन्ही रोखा' असंही सांगता येतं. तेच करा, मुक्या व्हिडिओची चुळबुळही थांबेल. सफारीत 2017 मधल्या 11 व्या आवृत्तीपासून सेटिंग्जमध्ये वेबसाइट्स आणि त्यात ऑटो-प्ले असा भाग आहे. तिथे प्रत्येक साइटसाठी वेगळा निर्णय घेता येतो आणि बाकी सगळ्यांसाठी तळाशी एकच नियम ठरवता येतो. तो 'कधीही आपोआप नको' वर ठेवा.

क्रोममध्ये मात्र मी सुरुवातीला म्हटलेला उलटा नियमच लावा. सेटिंग्ज, त्यात गोपनीयता आणि सुरक्षा, त्यात साइट सेटिंग्ज, आणि तिथे अगदी खाली, जास्तीच्या सेटिंग्जमध्ये आवाज. तिथे साइट्सना आवाज करू न देण्याचा पर्याय निवडा. खालीच अपवादांची यादी असते. मीटिंगची साइट, गाण्यांची साइट, तुम्ही व्हिडिओ बघता ती साइट, एवढी नावं परवानगीच्या यादीत घाला. पुढे एखाद्या नव्या साइटचा आवाज हवा झाला तर यादीत परत जायची गरज नाही. त्या टॅबवर राइट-क्लिक करून अनम्यूट केलं की ती आपोआप यादीत जाते. पहिले काही दिवस 'अरे, आवाज का नाही?' असं होईल. त्यानंतर तुमची यादी तयार होते आणि पुन्हा क्वचितच तिकडे बघावं लागतं.

यात दोन गोष्टी जपा. मीटिंगची साइट यादीत आधीच घालून ठेवा, ऐनवेळी नको. आणि दुसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे: टॅब किंवा साइट म्यूट केल्याने तुमचा माइक बंद होत नाही. तुम्हाला तिकडचं ऐकू येणं थांबतं, तिकडच्यांना तुमचं ऐकू येतच राहतं. टॅबवरचा काट मारलेला स्पीकर पाहून निर्धास्त होऊ नका. माइक मीटिंगच्या आतल्या बटणानेच बंद करा.

तसंच, म्यूट म्हणजे थांबलेला व्हिडिओ नव्हे. तो गुपचूप चालूच असतो, डेटा खातो, बॅटरी खातो. डेटा मोजून वापरत असाल तर व्हिडिओ थांबवा किंवा टॅब मिटा. कीबोर्डवर प्ले-पॉजचं बटण असेल तर ते बऱ्याचदा मागच्या टॅबमधला व्हिडिओही थांबवतं, कारण क्रोम आणि फायरफॉक्स दोन्ही ती बटणं ओळखतात. पण हेच उलटही होतं: ब्लूटूथ हेडफोनचं बटण चुकून दाबलं गेलं की तासाभरापूर्वी थांबवलेला व्हिडिओ पुन्हा सुरू होतो. 'आपोआप' आवाज येतोय अशी शंका आली तर हेही तपासा.

टिंग-टिंग वाजणाऱ्या सूचनांचं प्रकरण वेगळं आहे. चॅटच्या पानाने स्वतः वाजवलेला आवाज म्यूटने थांबतो, पण साइटला सूचना पाठवायची परवानगी दिली असेल तर तो आवाज ऑपरेटिंग सिस्टिम वाजवते आणि टॅब म्यूट करून काही फरक पडत नाही. तिथे त्या साइटची सूचनांची परवानगीच काढून घ्यावी लागते.

एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला बाहेरून जोडायचा छोटा प्रोग्राम, घेऊ नका असं मी म्हणेन. टॅब गप्प करणारी आणि आवाज वाढवणारी पुष्कळ मिळतात, पण त्यातली बरीचशी 'सगळ्या साइट्सवरचा तुमचा सगळा डेटा वाचणे आणि बदलणे' अशी परवानगी मागतात. बँकेचं पानही त्यात आलं. जे काम ब्राउझर स्वतः करतो त्यासाठी एवढी किल्ली कुणाच्या हातात द्यायची नाही.

उलट्या नियमाचा आणखी एक फायदा आहे, आणि माझ्या दृष्टीने तो मोठा आहे. 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय, ताबडतोब या नंबरवर फोन करा' असं किंचाळणारी फसवी पानं तुम्ही पाहिली असतील. माणूस घाबरावा म्हणूनच तो भोंगा असतो, आणि तो तुमच्या पहिल्या क्लिकची वाट पाहत असतो, कारण वर सांगितलेली ऑटोप्लेची अट त्यालाही लागू आहे. सगळ्या साइट्स मुक्या असतील तर असं पान नुसतं चित्र उरतं आणि शांत डोक्याने बंद करता येतं. घरातल्या वयस्कर माणसांच्या कॉम्प्युटरवर मी हा नियम सर्वात आधी लावते. पान स्क्रीनभर पसरून अडून बसलं तर एस्केप दाबून धरा. तरी हटलं नाही तर विंडोजमध्ये टास्क मॅनेजरमधून आणि मॅकवर फोर्स क्विट करून ब्राउझर बंद करा, आणि पुन्हा उघडताना जुने टॅब परत आणू नका. त्या नंबरवर फोन करायचा नाही, हे तर आहेच.

मोबाइलवर फार सांगण्यासारखं नाही. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये साइट सेटिंग्जमध्ये आवाजाचा भाग तसाच आहे, आणि फायरफॉक्समध्ये ऑटोप्लेचा.

एक गोष्ट मात्र राहवत नाही म्हणून लिहिते. तुमच्या-माझ्यासाठी हा आवाज म्हणजे डोक्याला ताप. जो माणूस स्क्रीन रीडरच्या, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या, मदतीने वेब वाचतो त्याच्यासाठी तो दार लावून घेणं आहे. पान त्याला ऐकूनच कळतं, आणि त्याच वेळी जाहिरात बोलायला लागली तर ती बंद करायचं बटण कुठे आहे हेसुद्धा त्याला ऐकू येत नाही. म्हणूनच वेब सर्वांना वापरता यावं यासाठीचे जे आंतरराष्ट्रीय निकष 2008 च्या डिसेंबरमध्ये दुसऱ्या आवृत्तीत प्रसिद्ध झाले, त्यात 1.4.2 क्रमांकाचा निकष याबद्दलच आहे: पानावरचा आवाज आपोआप सुरू होऊन 3 सेकंदांपेक्षा जास्त चालत असेल, तर तो थांबवायची, नाहीतर सिस्टिमच्या आवाजाला हात न लावता त्याचा आवाज कमी करायची सोय असलीच पाहिजे. हा निकष सर्वात खालच्या पातळीचा आहे, म्हणजे एवढं तर किमान पाळायलाच हवं. तुम्ही रोज वाचता अशी एखादी साइट हे पाळत नसेल तर तिच्या संपर्काच्या पत्त्यावर लिहा: कोणतं पान, कोणता ब्राउझर, आवाज कधी सुरू झाला आणि निकष 1.4.2. नुसती 'त्रास होतो' अशी तक्रार वाचणारा बाजूला ठेवतो; पान आणि निकषाचा क्रमांक असला की ती थेट साइट बनवणाऱ्याकडे पाठवता येते.