वेचणीच्या दिवसातली साक्ष

प्रिय पोरी,

तुझा मेसेज रात्री वाचला. अर्धा मजकूर हिशेबाचाच आहे. पाच वर्षं वकिली, दोन वर्षं सहायक सरकारी अभियोक्ता (सरकारी वकीलच), म्हणजे थेट जिल्हा न्यायाधीश व्हायला लागणारी सात भरली. त्यासाठीच लागणाऱ्या पस्तिशीला अजून दोन वर्षं आहेत. तर आत्ता कनिष्ठ स्तराची, म्हणजे तालुक्याच्या कोर्टातल्या न्यायाधीशाची परीक्षा द्यायची, की थांबून थेट जिल्हा न्यायाधीशाची? हिशेब बरोबर आहे. अभियोक्त्याची वर्षं वकिलीतच धरायची, हे सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये दीपक अग्रवाल प्रकरणात सांगितलंय. हा हिशेब सांगणारे तुझे मित्र खोटं बोलत नाहीत.

तरी कनिष्ठ स्तराचीच दे. 100 गुणांची पूर्व, 100-100 चे दोन लेखी पेपर, 50 ची मुलाखत. रोज एक निकालपत्र हातानं लिही. नोट्स मागू नकोस. माझ्या नोट्स जुन्या कायद्यांच्या, 1 जुलै 2024 ला नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि त्या रद्दीत गेल्या.

आणि हे काय लिहिलंस, की इतकी वर्षं सरकारी बाजू मांडून खुर्चीवरही पोलिसांकडेच झुकेन का? अभियोक्ता पोलीस खात्याच्या हाताखाली नको, हे 1995 मध्ये आपल्याच राज्यातल्या शहाणे प्रकरणात ठरून गेलं. कागदावर. इकडे सकाळी पैरवीचा, म्हणजे ठाण्याची कोर्टातली कामं बघणारा हवालदार येऊन हळूच सांगतो, "साहेब, मुद्देमाल नाही आला, आज तारीख घेऊन टाका," आणि आपण घेतो. झुकणं म्हणतात ते हे. निकालात झुकायची वेळ फार पुढे येते. त्याआधी व्हरांड्यात बसलेला साक्षीदार परत गेलेला असतो.

म्हणून एकच सांगतो. साक्षीदार आला, तर त्याची साक्ष त्याच दिवशी घे.

सोपं वाटतंय ना? मलाही वाटायचं. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात मी तेव्हा अभियोक्ता होतो. मारहाणीची केस, कलम 324. डोळ्यांनी पाहणारी एकच बाई, मजुरीवर जाणारी. ऐन वेचणीचे दिवस. कापूस किलोवर वेचायचा असतो, म्हणजे कोर्टात आली की त्या दिवसाची मजुरी शून्य. पहिल्यांदा आली तेव्हा आरोपीचे वकील नागपूरला. दुसऱ्यांदा मुद्देमाल ठाण्यातच. तिसऱ्यांदा सगळे हजर होते. तारीख मी मागितली. कारण दिलं प्रकृतीचं; खरं म्हणजे मी कागद वाचले नव्हते. साक्षभत्ता तिनं कधी मागितला नाही, कारण तो मिळतो हे तिला कुणी सांगितलंच नाही. कुणी म्हणजे मी.

चौथ्यांदा आली आणि म्हणाली, "मले काई आठवत नाई साहेब." मी उठलो, तिला फितूर जाहीर करायची परवानगी घेतली आणि वीस मिनिटं उलटतपासणी केली. तावातावानं! शेवटी ती म्हणाली, "तीन डाव आली होती, तवा कोनी इचारलं नाई. आता काहून इचारता?" हे रेकॉर्डवर आलं नाही. आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटला. मी घरी येऊन व्यवस्थित जेवलो, हेही लिहून ठेवतो.

न्यायाधीश झालो तेव्हा ठरवून टाकलं. साक्षीदार हजर असेल तर साक्ष घेतल्याशिवाय तहकुबी नाही, कारण असलंच तर ते लेखी नोंदवायचं. यात माझं काही नाही. फौजदारी प्रक्रियेच्या जुन्या संहितेत कलम 309 होतं, आता नव्या संहितेत 346 आहे, तेही दोनपेक्षा जास्त तहकुब्या देऊ नका म्हणतं. पुकारा झाला की मी आधी विचारायचो, साक्षीला कोण आलंय? दिवे लागेपर्यंत बसलो. लघुलेखकाची शेवटची एसटी चुकली तर त्याला माझ्या स्कूटरवर सोडलं. वकील मंडळी चिडली, काही दिवस कामावर आली नाहीत. एका वरिष्ठांनी बोलावून समंजसपणा शिकवला. साक्षी नोंदवण्यात दिवस गेला की निकाली प्रकरणांचा आकडा खाली येतो, आणि आकडा खाली आला की अहवालात शेरा येतो. मला आला. दोनदा.

मी जिल्हा न्यायाधीश झालो नाही याचं वाईट वाटत नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. तुलाही तेच सांगतोय. पण माझ्यासोबतचे जे झाले, त्यांच्या बोर्डावरून, म्हणजे रोजच्या प्रकरणांच्या यादीतून किती माणसं साक्ष न देता परत गेली, हे कुणी मोजलंय का? जाऊ दे. तुझं पत्र आहे, माझा खुलासा नाही.

थेट वर जाशील तर खून, बलात्कार, मोठमोठी कामं येतील. तिथं साक्षीदाराला आणायला पोलीस स्वतः धावतात. शेताचा धुरा, सासरची मारहाण, कृषी केंद्राचा परत आलेला चेक, हातभट्टीच्या केसमधला पंच, ही माणसं खालच्या कोर्टात येतात. त्यांना कुणी आणत नाही. ती काळीपिवळीत लटकून येतात आणि अकरापासून व्हरांड्यात उकिडवी बसून राहतात. त्यांच्यासाठी, व्हरांडा पाहिलेलं कुणीतरी त्या खुर्चीवर हवं. म्हणून कनिष्ठ स्तर म्हणतो. तुला हे नुकसान वाटत असेल तर अर्जच भरू नकोस, स्पष्ट सांगतो.

रागावू नकोस. तुझ्या आईनं पाठवलेली तुरीची डाळ मिळाली.

सोमवारी तुझ्या बोर्डावर साक्षीला कोण आहे? कागद रविवारीच वाचून ठेव. आणि भत्त्याचा अर्ज तुझ्या हातानं लिहून दे त्याला.

तुझा,
सर