जूनमध्ये लावलेल्या वालपापडीला सप्टेंबर संपत आला तरी फूल का येत नाही?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात गच्चीवर ड्रममध्ये वालपापडी लावली, वेल मांडवभर पसरला, पण अजून एकही फूल नाही. दर पंधरा दिवसांनी चिमूटभर युरिया देताय, तरी शेंड्यांवर काळे किडे बसलेत आणि शेजारच्या कुंडीतल्या श्रावण घेवड्याची पानं पिवळी पडताहेत. वेल उपटून टाकू का, असा तुमचा प्रश्न आहे.

उपटू नका. तुमच्या वेलाला काहीही झालेलं नाही, त्याची वेळ यायची आहे.

वालाच्या जुन्या, गावरान वेली जाती रात्रीच्या लांबीवर चालतात. रात्र पुरेशी मोठी झाल्याशिवाय त्या फुलावर येत नाहीत. बी जूनमध्ये टाका नाहीतर जुलैअखेर, फुलोरा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या आसपासच येतो. लवकर लावलेल्या वेलाला तोवर पानं वाढवण्यापलीकडे काही काम नसतं. २२-२३ सप्टेंबरला दिवस आणि रात्र जवळपास सारखे होतात आणि तिथून पुढे रात्र वाढत जाते, म्हणजे तुमचा वेल आता उंबरठ्यावर आहे. रायगडात भात कापल्यावर शेतातल्या उरलेल्या ओलीवर वाल पेरतात आणि ऐन थंडीत त्याच्या शेंगा भांबुर्डी या रानझुडपाच्या पाल्यासोबत मडक्यात भाजून 'पोपटी' लावतात. वाल हे थंडीचंच पीक आहे. एक गोष्ट मात्र पाहा: गच्चीवरचा दिवा रात्रभर वेलावर पडत असेल तर तो बंद ठेवा. वेलाला सलग अंधार हवा असतो आणि उजेडामुळे फुलोरा लांबू शकतो.

आता युरियाबद्दल. तो आजपासून बंद करा, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. घरच्या बागेत शेंगवर्गातल्या झाडांचं सगळ्यात जास्त नुकसान प्रेमापोटी घातलेल्या खतानेच होतं. वाल, घेवडा, चवळी यांच्या मुळांवर गाठी असतात आणि त्यात राहणारे रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र (नायट्रोजन) झाडाला देतात. युरियातून बाहेरून नत्र मिळत राहिला की गाठी नीट धरत नाहीत आणि वेल नुसता पाल्याने माजतो. खात्री करायची असेल तर ड्रमच्या कडेची माती बोटाने हलकेच उकरा, बारीक मुळावरची एक गाठ काढा आणि नखाने चिरून पाहा. आतून गुलाबी-लालसर असेल तर कारखाना चालू आहे. पांढरट किंवा हिरवट निघाली तर गाठ काम करत नाही. पुढच्या वेळी बी लावताना गुळाच्या पाण्यात कालवलेलं रायझोबियम चोळा आणि सावलीत सुकवून लगेच टोकून टाका. खताच्या दुकानात त्याचं पाकीट मिळतं, फक्त कोणत्या पिकासाठी आहे ते वाचून घ्या. वालाचं आणि श्रावण घेवड्याचं वेगळं असतं.

सध्या ड्रममध्ये मूठभर लाकडाची राख मातीत मिसळून द्या, बस्स. मांडवाच्या बाहेर लोंबणारे शेंडे खुडा म्हणजे बगलफुटी येतील. फुलांचे तुरे दिसू लागले की पाण्यात खंड पडू देऊ नका, एक दिवस माती कोरडी ठाक आणि दुसऱ्या दिवशी चिखल असं झालं की फुलं गळतात. भोपळ्यासारखं हाताने परागीकरण करायची गरज नाही.

काळे किडे म्हणजे मावा. वेलावर मुंग्यांची ये-जा दिसली तर शंभर टक्के तोच. मावा गोड चिकटा सोडतो, मुंग्या त्यासाठी त्याला सांभाळतात. फार भरलेले शेंडे कापून साबणाच्या पाण्यात बुडवा, बाकीच्यांवर पाण्याची जोरदार पिचकारी मारा. तरीही राहिला तर एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा द्रवरूप साबण नीट घुसळून, ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूने फवारा. पण फवारण्याआधी शेंडा जवळून बघा. काळसर, नारिंगी ठिपक्यांची, सुसरीच्या आकाराची इवलीशी अळी मावा खाताना दिसली तर हात आवरा. ती ढालकिड्याची अळी आहे. बरेच जण तिला कीड समजून चिरडतात आणि मग मावा आणखी फोफावतो.

पुढे फुलं आणि कोवळ्या शेंगा जाळ्याने एकमेकांना चिकटलेल्या दिसल्या तर आत शेंग पोखरणारी अळी आहे. तो गुच्छ तोडून नष्ट करा. घरच्या एका मांडवाला एवढं पुरतं, पण रोज सकाळी नजर फिरवायला हवी.

श्रावण घेवड्याचं निदान पानावरून होईल. खालची जुनी पानं सरसकट पिवळी होत असतील तर कुंडीत पाणी साचतंय, तळाची भोकं मोकळी करा. वरच्या कोवळ्या पानांवर हिरवा-पिवळा पट्टेरी नक्षीदार रंग असेल, पानं आखडली असतील, तर तो विषाणूजन्य मोझॅक आहे. त्याला औषध नाही. ते रोप आजच काढा, म्हणजे मावा किंवा पांढरी माशी तो रोग बाकीच्या रोपांवर नेणार नाही. जागा रिकामी झाली तर ऑक्टोबरमध्ये पुन्हा घेवडा लावा, पुण्याच्या थंडीत तो उत्तम येतो. बी दोन-तीन सेंटिमीटरच खोल टोका आणि उगवेपर्यंत पाणी बेताने द्या, कारण चिखलात ते कुजतं.

शेंगा तोडताना वालाचा अख्खा तुरा ओढू नका. तुरा खालून वर फुलत जातो, त्यामुळे खालच्या शेंगा तयार झाल्या तरी टोकाला अजून कळ्या असतात. शेंग देठापाशी चिमटीत धरून वेगळी करा.

पुढच्या वर्षी एवढी वाट पाहायची नसेल तर झुडपी वाल आणा. दापोली कृषी विद्यापीठाची कोकण भूषण किंवा बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेच्या अर्का जय, अर्का विजय या जातींना दिवस-रात्रीच्या लांबीचं बंधन नाही. साधारण दोन महिन्यांत शेंगा येतात आणि मांडवही लागत नाही. चवीला मात्र मला वेलाचीच पापडी आवडते. आणि फेब्रुवारीत ड्रम मोकळा झाला की त्यात चवळी किंवा गवार टाका, उन्हाळा त्यांनाच सोसतो.