किल्लारी बाजूला ठेव, समुद्रात उतर

समुद्रतळावरचे भूकंप समजून घ्यायचेत ना? मग आधी हे ऐक. आपल्या सोलापुरात भूकंप म्हटलं की गाडी ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेवर जाते. माझीही जाते, अंथरुणातून थेट अंगणात पळालो होतो. पण किल्लारीचा धक्का प्लेटच्या, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्याच्या, पोटातला, दाबाचा. समुद्रातल्या कटकावर, म्हणजे दोन प्लेट एकमेकींपासून दूर जातात तिथल्या लांबलचक डोंगररांगेवर, उलटं असतं, तिथं कवच ताणलं जातं. किल्लारीचं गणित तिथं लावू नकोस.

सुरुवातीला विषुववृत्ताजवळचा अटलांटिक घे. यूएसजीएसच्या (अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या) यादीतले भूकंप नकाशावर टाक, ठिपके जिन्यासारखे दिसतील. उत्तर-दक्षिण तुकडे म्हणजे कटक, आडव्या पायऱ्या म्हणजे ट्रान्सफॉर्म फॉल्ट, कटकाचे दोन तुकडे जोडणाऱ्या भेगा, जिथं दोन प्लेट एकमेकींना घासत सरकतात. मोठे धक्के बहुतेक या पायऱ्यांवरच. एकटा रोमान्श फॉल्ट कटकाला सुमारे ९०० किलोमीटर सरकवतो.

आता सगळे जिथं फसतात ते. पायरीपलीकडचा कटकाचा तुकडा डावीकडे सरकलेला दिसतो, म्हणून पायरीलगतची पलीकडची जमीनही डावीकडे सरकते असं वाटतं. चूक! ती उजवीकडे सरकते. मी महिनाभर अडलो होतो. शेवटी पुठ्ठ्याला पायरीसारखी चीर पाडली, खालून कागद वर घेऊन दोन्हीकडे ओढला, तेव्हा उजेड पडला. भूशास्त्रज्ञ विल्सनने १९६५ मध्ये हेच मांडलं आणि भूकंपशास्त्रज्ञ साइक्सने १९६७ मध्ये भूकंपलहरींवरून दाखवून दिलं.

आणि पायरीच्या दोन्ही टोकांपलीकडे समुद्रतळावर लांबवर जाणारा जुन्या भेगेचा व्रण? तिथं ठिपके जवळपास नसतात, कारण दोन्ही बाजू एकाच प्लेटच्या. आधी पुठ्ठा काप, मग बीचबॉल आकृत्यांकडे ये, म्हणजे भूकंपात जमीन कुठल्या दिशेला सरकली ते दाखवणाऱ्या गोल चित्रांकडे.