तिसरी-चौथीच्या मुलांना रिसायकलिंग सोप्या भाषेत कसं समजवायचं?

तुम्हाला मुलीच्या वर्गात अर्धा तास बोलायचंय आणि सुरुवात कुठून करू असं विचारलंय. मी पुण्यात याच वयाच्या मुलांना शिकवते, माझं ऐकाल तर चार्ट नको, दुधाची पिशवी घेऊन जा. कोपरा कापताना तो तुकडा पूर्ण तोडायचा नाही, पिशवीलाच लटकता ठेवायचा, कारण नखाएवढा तुकडा कचऱ्यातून कोणी वेचत बसत नाही, तो गटारात नाहीतर मातीत जातो. पिशवी धुवून वाळवली की भंगारवाला किलोवर घेतो, पुढे कारखान्यात ती वितळवून तिचे दाणे करतात आणि दाण्यांपासून नवीन वस्तू. हे समोर करून दाखवा, मुलं घरी जाऊन आईच्या हातातली कात्री थांबवतात!

मग ओला-सुका. ओल्याचं खत होतं हे पटकन कळतं, गडबड सुक्यात होते. वडापावचा तेलकट कागद मुलं बिनधास्त रद्दीत टाकतात, पण तेल लगद्यात उतरलं की त्याचा चांगला कागद होत नाही. आणि वेफर्सचं पाकीट आतून चमकतं ना, त्यात वेगवेगळे थर एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात, ते सुटे करणं फार अवघड म्हणून भंगारवाला हातच लावत नाही. सेल, बल्ब, औषधं कायम वेगळी.

वेळ मिळाला तर कागद बनवाच. जुन्या वहीची पानं फाडून रात्रभर भिजवायची, मिक्सरमधून लगदा (मिक्सर मोठ्यांनीच लावायचा), मग पसरट जाळीवर पातळ थर, वरून सुती कापड दाबून पाणी काढायचं आणि उन्हात ठेवायचं. जाडाभरडा होतो पण पेन्सिलने लिहिता येतं. असं कितीही वेळा करता येतं का, हे कोणीतरी विचारतंच. तर नाही, कागदाचे तंतू दरवेळी तुटून आखूड होतात, साधारण 5 ते 7 वेळा चालतं. काच आणि अॅल्युमिनियमचा कॅन मात्र पुन्हा पुन्हा वितळवता येतो.

आणि जमलं तर तुमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना वर्गात बोलवा, मनापासून सांगते. आमच्याकडे आल्या होत्या त्यांनी तळहातावरचा काचेचा व्रण दाखवला, वर्ग एकदम शांत झाला. आता घरी काही फुटलं की जाड कागदात गुंडाळून वर मोठ्या अक्षरात 'काच' लिहायचं काम मुलांनीच घेतलंय.