आजोबांची गोष्ट खोडू नका

(ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून एका आईंचं पत्र आहे. मुलगा एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, लेखी परीक्षा पास झाला असून एसएसबीसाठी, म्हणजे सैन्यातले अधिकारी निवडणाऱ्या पाच दिवसांच्या चाचण्या आणि मुलाखतीसाठी, भोपाळहून बोलावणं आलं आहे. हातात पाच आठवडे आहेत. तिथे चित्र पाहून गोष्टी लिहाव्या लागतात, म्हणून क्लासने त्याला चाळीस तयार गोष्टी पाठ करायला दिल्या आहेत. त्याच्या स्वतःच्या गोष्टींत सारखं कुणीतरी आजारी असतं, ‘हे निगेटिव्ह आहे, काढून टाक’ असंही तिथे सांगितलं. घरी आजोबांना पक्षाघात होऊन दोन वर्षं झाली आणि त्यांचं बरंचसं हाच करतो. आई विचारतात: गोष्टी पाठ करू द्याव्यात का? आणि या चाचण्यांत मुलाच्या मनाचा काही आजार तर निघणार नाही ना?)

ताई, आधी तुमचा दुसरा प्रश्न, कारण झोप त्यानेच उडाली असणार. एसएसबीत आजार शोधत नाहीत. धूसर, अर्धवट असं काहीतरी समोर ठेवायचं आणि माणूस त्यात आपल्या मनातलं काय भरतो ते पाहायचं, ही प्रक्षेपण चाचण्यांची मूळ कल्पना. रोर्शाक यांच्या शाईच्या डागांची 10 कार्डं 1921 सालची, आणि चित्र पाहून गोष्ट सांगायची चाचणी मॉर्गन आणि मरे यांनी हार्वर्डमध्ये 1935 साली मांडली. दवाखान्यात त्यांचा उपयोग वेगळा होतो. एसएसबीत फक्त अधिकाऱ्याला लागणारे 15 गुण पाहतात: जबाबदारीची जाणीव, पुढाकार, सहकार्य, निर्णयाचा वेग वगैरे. निवड झाली नाही तरी मुलाच्या मनात दोष आहे असा अर्थ कुणीही काढू नये, घरच्यांनी तर मुळीच नाही.

पहिल्या दिवशीची चाळणी पार झाली की दुसऱ्या दिवशी मानसशास्त्राच्या चाचण्या. टीएटीत, म्हणजे चित्रावरून गोष्ट लिहायच्या चाचणीत, 12 गोष्टी: 11 चित्रं आणि शेवटचा पडदा कोरा. चित्र 30 सेकंद दिसतं, लिहायला 4 मिनिटं. मग डब्ल्यूएटी: 60 शब्द दाखवतात, प्रत्येकावर 15 सेकंदांत सुचेल ते वाक्य लिहायचं. एसआरटीत 60 प्रसंग 30 मिनिटांत, प्रत्येकात आपण काय करू ते लिहायचं. शेवटी स्वतःविषयी पाच परिच्छेद, 15 मिनिटांत. सूचनांचा वेळ सोडला तरी जवळजवळ दोन तास सलग लिखाण. मानसशास्त्रज्ञ मुलाशी बोलत नाहीत, कागदावरून मत बनवतात. मुलाखत घेणारे आणि मैदानावरचे अधिकारी आपापलं मत स्वतंत्रपणे बनवतात. मनसा, वाचा, कर्मणा अशी ती विभागणी आहे, आणि पाचव्या दिवशी तिन्ही मतं एकत्र येतात.

पाठांतर का फसतं ते इथेच कळेल. 12 गोष्टी, 60 वाक्यं, 60 उत्तरं, 5 परिच्छेद मिळून 137 नोंदी होतात. पाठ केलेल्या गोष्टी फार तर पहिल्या बारांत चालतील. पुढे 15 सेकंदांच्या माऱ्यात जे येतं ते स्वतःचंच येतं. गोष्टींत गाव वाचवणारा नायक आणि एसआरटीत ‘वडिलांना विचारीन’ अशी दहा उत्तरं, हा विसंवाद तपासणाऱ्याला लगेच दिसतो. शिवाय पाठ गोष्ट चित्रावर चिकटवण्याच्या नादात मुलं चित्रच बघत नाहीत. चित्रात तीन माणसं असतात, गोष्टीत एकच.

आता आजोबांकडे येऊ. समजा, चित्रात खाटेवर कुणी झोपलेलं आहे आणि दारात एक मुलगा उभा आहे. पाठ केलेली गोष्ट अशी जाते: मुलगा खूप शिकतो, डॉक्टर होतो, गावात मोफत दवाखाना काढतो, पुरस्कार मिळवतो. पंधरा वर्षं चार ओळींत उडाली, पण मुलाने नेमकं केलं काय? तुमचा मुलगा हे लिहू शकेल: आजोबांची डावी बाजू लुळी, फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदाच येतात. मुलगा व्यायामाचं मोबाइलवर चित्रण करून ठेवतो, सकाळी सात आणि संध्याकाळी सहा ही वेळ ठरवतो, ओसरीच्या खांबांना धरायला दोर बांधतो. रविवारी त्याची क्रिकेटची मॅच असते, म्हणून धाकट्या बहिणीला व्यायाम शिकवून ठेवतो. तीन महिन्यांनी आजोबा काठी टेकत कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत जातात. अडचण, योजना, दुसऱ्याची मदत, पदरात पडलेलं फळ, सगळं आलं. यात निगेटिव्ह काहीही नाही. आजार असणं वाईट नाही, नायक हातावर हात ठेवून बसला तर गोष्ट पडते.

मात्र क्लासच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे. सायकल दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या चित्रातही त्याने आजारी बाप आणला असेल, तर ते चित्राशी प्रामाणिक नाही. पहिल्या 30 सेकंदांत त्याने एवढंच टिपावं: माणसं किती, वयं काय, चेहरे कसे, जागा कोणती. गोष्ट त्यातून निघू द्यावी. मेळा, गणपतीची वर्गणी, शाळेची सहल, तिघरा धरणाचं पाणी, ग्वाल्हेरच्या मुलाकडे विषयांची वाण नाही.

डब्ल्यूएटीत ‘भीती’ शब्द आला की मुलं सुभाषित लिहितात: ‘भीती हा माणसाचा शत्रू आहे.’ किंवा उपदेश करतात: ‘घाबरू नये.’ त्यापेक्षा ‘रोज पोहल्याने पाण्याची भीती गेली’ हे बरं. एसआरटीत वाचणं धरून एका प्रसंगाला 30 सेकंद मिळतात, म्हणून तारेसारखं लिहायचं: ‘जखमीला रिक्षात घातलं, घरच्यांना फोन केला, पेपरला वेळेत पोचला.’ अवघड प्रसंग वगळून सोपे शोधत बसू नये, क्रमाने जावं.

सराव असा: आठवड्यातून दोन दिवस सहा-सहा चित्रं, वर्तमानपत्रातली चालतील, मोबाइलवर वेळ लावून. चौथ्या आठवड्यात एकदा बाराच्या बारा सलग, कारण आठव्या गोष्टीनंतर हात भरून येतो आणि अक्षर घसरतं. शब्दांच्या 60 चिठ्ठ्या तुम्ही करा आणि दर 15 सेकंदांनी एक दाखवा. मुलगा घरी मराठी, शाळेत हिंदी बोलतो आणि कागदावर इंग्रजी लिहितो, म्हणजे मनात भाषांतर चालतं आणि तिथेच सेकंद जातात. साधी, छोटी इंग्रजी वाक्यं थेट सुचेपर्यंत लिहू द्या.

पाच परिच्छेदांत आई-वडील, शिक्षक आणि मित्र आपल्याविषयी काय म्हणतात, आपण स्वतःला कसे वाटतो आणि काय सुधारायचं आहे, हे येतं. प्रत्येकाला तीनच मिनिटं, म्हणून काय लिहायचं ते घरीच लिहून पाहून पक्कं करावं. पहिल्या परिच्छेदासाठी आज रात्री जेवताना त्याला खरंखुरं सांगा: दोन गोष्टी कौतुकाच्या, दोन तक्रारीच्या. आजोबांच्या औषधांची वेळ तो कधी चुकवत नाही, हे सांगा. आणि हाक मारली की तिसऱ्या वेळेस ‘ओ’ देतो असं असेल, तर तेही सांगा.